अठ्ठेचाळीस आकडे

ऑक्टोबर २००७ मध्ये ब्रिटनच्या महसूल आणि सीमाशुल्क खात्यातून दोन सीडी एका पाकिटात घालून लंडनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाकडे रवाना झाल्या. पाकीट रजिस्टर केलेलं नव्हतं. ते पोचलं नाही. त्या सीडींवर बालभत्ता घेणाऱ्या देशभरातल्या कुटुंबांची नोंद होती: नावं, पत्ते, जन्मतारखा, राष्ट्रीय विमा क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील. एकूण अडीच कोटी माणसं. २० नोव्हेंबरला अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांना संसदेत उभं राहून हे सांगावं लागलं. खात्याचे प्रमुख पॉल ग्रे यांनी राजीनामा दिला. सीडी कधीच सापडल्या नाहीत.

सीडींना पासवर्ड होता. हे सरकारनेही सांगितलं आणि ते खरंच होतं. पण त्याने कुणाचंच समाधान झालं नाही, कारण माहिती एन्क्रिप्ट केलेली नव्हती. पासवर्ड असणं आणि माहिती एन्क्रिप्ट केलेली असणं यांत किती अंतर असतं, ते आधी पाहू.

पासवर्ड होता, तरीही

पासवर्ड दोन तऱ्हांनी काम करतो. पहिल्या तऱ्हेत तो फक्त दारावरचा प्रश्न असतो. प्रोग्रॅम विचारतो, उत्तर जुळलं तर फाइल दाखवतो, नाही जुळलं तर नकार देतो. पण फाइल आत जशीच्या तशी वाचता येण्याजोगी पडलेली असते. नकार देणारा प्रोग्रॅम बाजूला सारून दुसऱ्याच प्रोग्रॅमने ती वाचली, की अडवायला कोणी उरत नाही. एन्क्रिप्शन नसलेल्या विंडोज लॅपटॉपचा लॉगिन पासवर्ड असाच असतो. लॅपटॉपमागचे स्क्रू काढायचे, डिस्क बाहेर घ्यायची, केबलने दुसऱ्या संगणकाला जोडायची: फोटो, पगारपत्रकं, आधार-पॅनच्या स्कॅन, सगळं समोर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात ‘मशीन गेलं तरी डेटा काढून देतो’ म्हणतात ते याच जोरावर.

दुसऱ्या तऱ्हेत डिस्कवरचा मजकूरच बदललेला असतो. प्रत्येक फाइल, फाइलीचं नाव, रिकामी दिसणारी जागासुद्धा एका गणिती रीतीने घुसळून ठेवलेली असते, आणि ती पुन्हा जुळवायला एक विशिष्ट संख्या लागते. त्या संख्येला म्हणायचं किल्ली. आज बहुतेक ड्राइव्ह ज्या रीतीने एन्क्रिप्ट होतात तिचं नाव एईएस. योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियमच्या दोघांनी ती रचली, आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने जाहीर स्पर्धा घेऊन २००१ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. रीत जगजाहीर आहे, पुस्तकांत छापलेली आहे. गुप्त असते ती फक्त किल्ली.

ही किल्ली सहसा १२८ बिटांची असते, म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी. एखाद्याने सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहिल्या, तरी सगळ्या लावून संपवायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे ७८ कोटी पट वेळ लागेल. त्यामुळे दुकानातला तोच कुशल माणूस तीच डिस्क त्याच केबलने जोडतो तेव्हा त्याला अर्थ नसलेल्या आकड्यांखेरीज काही दिसत नाही.

आणि इथेच अडचण सुरू होते. हे गणित चोराला जितकं निष्ठुर आहे तितकंच मालकालाही आहे. खरेदीची पावती, ओळखपत्र, ‘अहो, हा माझाच लॅपटॉप आहे’ ही विनवणी यांपैकी काहीही त्याच्या लेखी पुरावा नाही. ज्याच्याकडे किल्ली तो मालक.

एक किल्ली, अनेक कुलपं

आपण जो पासवर्ड टाइप करतो तीच किल्ली, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नसतं. ड्राइव्ह एन्क्रिप्ट होतो त्या क्षणी संगणक स्वतःच एक यादृच्छिक किल्ली तयार करतो आणि डेटा तिने बंद करतो. ती किल्ली माणसाला कधीच दाखवली जात नाही. मग तिला कुलूपबंद करून ड्राइव्हवरच ठेवलं जातं. तिजोरीची एकच किल्ली असावी, तिच्या नकला चार डब्यांत ठेवाव्यात आणि प्रत्येक डबीला वेगळं कुलूप लावावं, तशी ही रचना आहे. एक डबी पासवर्डने उघडते, दुसरी लॅपटॉपमधल्या चिपने, तिसरी रिकव्हरी की म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांबलचक आकड्याने. कोणतीही एक उघडली तरी पुरे.

लिनक्समध्ये हीच गोष्ट फार स्वच्छ दिसते. क्लेमेन्स फ्रुविर्थ यांनी २००४ च्या सुमारास रचलेल्या ‘लक्स’ या मांडणीत ड्राइव्हच्या सुरुवातीला एक छोटा शीर्षभाग असतो आणि त्यात अशा डब्यांसाठी खण असतात. पहिल्या आवृत्तीत आठ, दुसरीत बत्तीसपर्यंत. एकाच ड्राइव्हला नवऱ्याचा एक पासवर्ड, बायकोचा दुसरा आणि कपाटात ठेवलेला तिसरा, असं सहज करता येतं. कोणालाही दुसऱ्याचा पासवर्ड माहीत असण्याची गरज नाही.

या रचनेतून काही गोष्टी आपोआप निघतात. पासवर्ड बदलायला क्षणभर लागतो, कारण एक टेराबाइट डेटा पुन्हा घुसळायचा नसतो. एका डबीचं कुलूप तेवढं बदलायचं असतं. उलट, तो शीर्षभाग बिघडला तर अचूक पासवर्ड हाताशी असूनही काही उघडत नाही, कारण डब्याच गेलेल्या असतात. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत हा भाग साधारण १६ मेगाबाइटचा असतो, म्हणजे मोबाइलवरच्या चार-पाच फोटोंएवढा. अख्ख्या ड्राइव्हचं भवितव्य तेवढ्या जागेत असतं. म्हणून लिनक्सवाले जाणकार त्या शीर्षभागाची प्रत वेगळीकडे काढून ठेवतात. मात्र त्या प्रतीत जुने पासवर्डही जिवंत राहतात. पासवर्ड फुटला म्हणून बदललात आणि जुनी प्रत कुणाच्या हाती लागली, तर फुटलेला पासवर्ड त्या प्रतीच्या मदतीने अजूनही ड्राइव्ह उघडतो.

तोटा जितका मोठा, तितकाच याचा एक उपयोगही आहे. डब्या मुद्दाम नष्ट केल्या तर एका सेकंदात सगळा ड्राइव्ह कायमचा कोरा झाल्यासारखा होतो. जुना लॅपटॉप विकण्यापूर्वी डेटा पुसण्याची ही सर्वांत झटपट रीत आहे.

निळा पडदा

विंडोजच्या एन्क्रिप्शनचं नाव बिटलॉकर. ते विंडोज व्हिस्टाबरोबर आलं आणि बरीच वर्षं कंपन्यांच्या लॅपटॉपपुरतं राहिलं. पुढे घरगुती आवृत्तीतही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने त्याचं साधं रूप आलं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन केलं की ते गुपचूप चालू होतं. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीत त्यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी आणखी सैल झाल्या. परिणाम असा, की आपला ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला आहे हे असंख्य लोकांना पहिल्यांदा कळतं ते निळा पडदा रिकव्हरी की मागतो तेव्हा.

एरवी काही विचारलं जात नाही, याचं कारण टीपीएम नावाची चिप. लॅपटॉप सुरू होताना प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे फर्मवेअर कोणतं, सेटिंग कोणती, विंडोज सुरू करणारा प्रोग्रॅम कोणता, याचं मोजमाप होऊन या चिपमध्ये नोंदवलं जातं. मोजमाप नेहमीसारखं आलं तरच चिप आपली डबी उघडते. कोणी पेनड्राइव्हवरून दुसरीच प्रणाली सुरू केली, तर मोजमाप जुळत नाही आणि चिप गप्प राहते.

चोराला अडवायला ही व्यवस्था चांगली आहे. पण चिपला हेतू कळत नाही. बायोस अपडेट झालं, सिक्युअर बूटची सेटिंग हलली, मदरबोर्ड बदलला, तरी तिच्या लेखी हे परकं यंत्रच. मदरबोर्ड बदलला तर जुनी चिपच निघून गेलेली असते. सर्व्हिस सेंटरमधून ‘काम झालं, ड्राइव्हला हात लावलेला नाही’ या आश्वासनासह लॅपटॉप घरी येतो, आणि सुरू केल्यावर निळा पडदा येतो. तेव्हा विंडोजचा पासवर्ड, चार आकडी पिन, बोटाचा ठसा यांतलं काहीही चालत नाही. ते सगळं विंडोज सुरू झाल्यानंतरचं आहे. इथे विंडोजच अजून बंद ड्राइव्हच्या आत आहे.

या चिपवरच्या भरवशालाही मर्यादा आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सुरक्षा-संशोधकाने काही वर्षं जुना लॅपटॉप उघडला, दहा डॉलरहून कमी किमतीचं सर्किट चिपजवळच्या टोकांना टेकवलं आणि चिपमधून प्रोसेसरकडे जाणारी किल्ली ४३ सेकंदांत वाचून दाखवली. ज्या यंत्रांत टीपीएम प्रोसेसरच्याच आत असते तिथे हा प्रयोग असाच्या असा चालत नाही. जिथे धोका खरा आहे, तिथे चिपच्या जोडीला सुरुवातीलाच विचारला जाणारा पिन ठेवतात.

आकड्यांच्या आत

आता त्या किल्लीकडे जवळून पाहू. बिटलॉकरची रिकव्हरी की म्हणजे ४८ आकडे, सहा-सहाच्या आठ गटांत. अक्षर एकही नाही. याला कारण आहे. हा पडदा येतो तेव्हा विंडोज सुरू झालेलं नसतं, त्यामुळे कीबोर्ड जर्मन आहे की फ्रेंच, कोणत्या बटणावर कोणतं अक्षर, याची खात्री नसते. आकडे सगळीकडे सारखे. तेही अडले तर एफ-वन ते एफ-टेन ही वरच्या ओळीतली बटणं १ ते ९ आणि ० म्हणून चालतात.

खरी गंमत गटांत आहे. प्रत्येक सहा आकडी गटाला ११ ने निःशेष भाग जातो. संगणक ० ते ६५,५३५ यांमधली एक संख्या यादृच्छिकपणे निवडतो आणि तिला ११ ने गुणून लिहितो. समजा, संख्या निघाली २८,४१७. अकरा पटीने झाली ३,१२,५८७. गट झाला ३१२५८७. आता ११ ची शाळेतली कसोटी लावून पाहा: एकाआड एक आकडे घ्या. ३, २ आणि ८ यांची बेरीज १३. १, ५ आणि ७ यांचीही १३. फरक शून्य, म्हणजे गट बरोबर. घाईत मधले दोन आकडे उलटे पडून ३१५२८७ टाइप झालं, तर बेरजा १६ आणि १० येतात, आणि पडदा तिथल्या तिथे तो गट चुकल्याचं सांगतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले, तर ही चूक ११ च्या कसोटीतून कधीच निसटत नाही.

यातूनच आणखी एक खूण मिळते. ६५,५३५ ला ११ ने गुणलं की ७,२०,८८५ येतात. त्याहून मोठा गट असूच शकत नाही. तुमच्या वहीतल्या किल्लीचा एखादा गट ८ किंवा ९ ने सुरू होत असेल, तर तो आकडा उतरवतानाच चुकला आहे. मराठी माणसाच्या बाबतीत ही शक्यता वाढते. आपण वहीत देवनागरी आकडे लिहितो आणि कुटुंबातला दुसरा कोणी ते इंग्रजी समजून वाचतो. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा वाचला जातो आणि ४ इंग्रजी आठसारखा. किल्ली हाताने लिहायची असेल तर कोणत्याही एकाच लिपीत लिहा, आणि कोणती ते वर नमूद करा.

प्रत्येक गटात १६ बिट, असे आठ गट, म्हणजे १२८ बिट: पुन्हा तीच ३९ अंकी संख्या. म्हणून ही किल्ली अंदाजाने सापडत नाही. ‘रिकव्हरी की क्रॅक करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत ते याचसाठी.

पडद्यावर आणखी एक ओळ असते, तिला ‘की आयडी’ म्हणतात. बरेच लोक तिचाच फोटो काढून निर्धास्त होतात. आयडीत ए ते एफ ही अक्षरंही असतात आणि तो गुप्त नसतो. घरात चार लॅपटॉप असतील तर कोणती किल्ली कोणाची, एवढंच तो सांगतो. अक्षर दिसलं म्हणजे ती किल्ली नव्हे.

अ‍ॅपलच्या फाइलव्हॉल्टमधली किल्ली वेगळी दिसते: अक्षरं आणि आकडे मिळून २४, चार-चारच्या सहा गटांत. बाकी तत्त्व तेच.

ती असते कुठे?

घरगुती विंडोजमध्ये ही किल्ली, ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला, त्या अकाउंटमध्ये ऑनलाइन साठवली जाते. दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून त्या अकाउंटमध्ये शिरलं, की डिव्हाइसच्या यादीत ती दिसते. निळ्या पडद्यापुढे हबकलेल्या बऱ्याच जणांची सुटका इथेच होते.

पण ते अकाउंट कोणाचं? आपल्याकडे नवा लॅपटॉप पुष्कळदा दुकानदार ‘चालू करून’ देतो, किंवा हे काम शिकलेल्या भाच्यावर सोपवलं जातं. त्याने त्या वेळी जे ईमेल टाकलं, किल्ली त्याच्या नावावर. कंपनीने किंवा कॉलेजने दिलेल्या लॅपटॉपची किल्ली संस्थेच्या खात्यात असते. नोकरी सुटली आणि लॅपटॉप हाती राहिला, तरी किल्ली आयटी विभागाकडेच. सेकंडहँड घेतलेल्या यंत्रात तर आधीच्या मालकाचा हात अजूनही आत असू शकतो. निळा पडदा येण्याआधी हा उलगडा करून घेणं दहा मिनिटांचं काम आहे, नंतर तो फोनाफोनीचा आणि कधी कधी पश्चात्तापाचा विषय होतो.

ऑनलाइन साठवलेल्या किल्लीचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. जी कंपनी ती साठवते, ती कायदेशीर आदेश आल्यावर देऊही शकते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९ वं कलम सरकारला माहिती उलगडून मागण्याचा अधिकार देतं, आणि त्यात सहकार्य न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद कंपन्यांपुरती मर्यादित नाही. एखादा पत्रकार किंवा वकील आपली किल्ली कुठल्याही कंपनीकडे न ठेवता स्वतःजवळच ठेवतो, तेव्हा तो गोपनीयता वाढवतो आणि हरवण्याची जोखीम पूर्णपणे स्वतःच्या शिरावर घेतो. कंपनीवरचं अवलंबन आणि हरवण्याची जोखीम, दोन्ही एकदम टाळता येत नाहीत. शाळकरी मुलाच्या लॅपटॉपसाठी मात्र ऑनलाइन साठवणं हाच शहाणपणा, कारण त्याला एखाद्या सरकारपेक्षा विसरण्याचा धोका कितीतरी मोठा आहे.

१९ जुलै २०२४

किल्ल्या सांभाळणं हे कारकुनी काम आहे, असं समजणाऱ्या संस्थांना या दिवशी धडा मिळाला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानतळ, बँका, इस्पितळं ठप्प झाली; भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय तसा साधा होता: यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करायचं आणि एक फाइल पुसायची. पण कंपन्यांचे ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेले होते, त्यामुळे त्या एका फाइलपर्यंत पोचायला प्रत्येक यंत्रावर त्याचे ते ४८ आकडे टाइप करणं भाग होतं. काही ठिकाणी किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तो सर्व्हरच निळा पडदा दाखवत उभा होता.

ऑस्ट्रेलियातल्या एका हिशेबतपासणी कंपनीच्या तंत्रज्ञांना एक युक्ती सुचली. दुकानात वस्तूंवर फिरवतात तो बारकोड स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो. त्यांनी किल्ल्यांचे बारकोड बनवले आणि एकेका लॅपटॉपला स्कॅनर जोडून ४८ आकडे एका झटक्यात भरले. अशी हुशारी करता आली, कारण त्यांच्याकडे यादी होती आणि ती उघडता येत होती. किल्लीची प्रत त्याच किल्लीने बंद असलेल्या जागी असेल, तर ती नसल्यातच जमा. विंडोज स्वतः याबाबत सावध आहे, एन्क्रिप्ट केलेल्या ड्राइव्हवर त्याचीच किल्ली साठवू देत नाही.

माणसाने निवडलेला पासवर्ड

चिपशिवाय चालणाऱ्या ड्राइव्हचं, उदाहरणार्थ लक्सने बंद केलेल्या डिस्कचं किंवा बिटलॉकर लावलेल्या पेनड्राइव्हचं दार पासवर्डने उघडतं. इथे ३९ अंकी संख्येचा धाक संपतो. चोर किल्ली शोधतच नाही, तो पासवर्ड शोधतो. म्हणून हे प्रोग्रॅम पासवर्डवर मुद्दाम वेळखाऊ गणित करतात. लक्सच्या नव्या आवृत्तीतलं आर्गॉन-टू हे गणित वेळेबरोबर भरपूर मेमरीही खातं, जेणेकरून हजारो अंदाज एकाच वेळी करणं महाग पडावं.

तरीही अंदाज किती करावे लागतील हे माणूसच ठरवतो. समजा, हल्लेखोर सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासू शकतो. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे सगळे पासवर्ड तो अडीच दिवसांच्या आत संपवेल. मुलीचं नाव आणि तिचं जन्मवर्ष असेल तर चहा व्हायच्या आत. याउलट अरनॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडलेली डाइसवेअर पद्धत पाहा. पाच फासे टाकायचे, येणाऱ्या पाच आकड्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द उचलायचा, असं सहा वेळा करायचं. त्याच वेगाने ते सगळे शब्दसमूह तपासायला सुमारे ७०० कोटी वर्षं लागतील. शब्द साधे असतात, लक्षात राहतात. ताकद फाशांच्या बेफिकिरीत असते. आवडतं गाणं किंवा अभंगाची ओळ मात्र चालणार नाही, कारण ती तुमच्याआधी कुणाच्या तरी यादीत गेलेली असते.

मराठी शब्द घ्यायला हरकत नाही, पण एक खबरदारी हवी. संगणक सुरू होतानाच्या पडद्यावर देवनागरी कीबोर्ड मिळत नाही, तेव्हा शब्द रोमन अक्षरांत येणार. ‘पाऊस’ लिहिताना ‘ए’ एकदा की दोनदा, ‘वाट’साठी ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, हे आज नक्की वाटतं. सहा महिन्यांनी वाटत नाही. शब्द आठवतो, स्पेलिंग आठवत नाही, आणि ड्राइव्ह बंदच राहतो.

चांगला पासवर्ड काय करू शकतो, हे ब्राझीलमध्ये दिसलं. २००८ मध्ये तिथल्या पोलिसांनी दॅनिएल दांतास या बँकरच्या घरातून पाच हार्डडिस्क जप्त केल्या. त्या मुख्यतः ट्रूक्रिप्ट या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने बंद केलेल्या होत्या. ब्राझीलच्या गुन्हे-विज्ञान संस्थेने पाच महिने प्रयत्न केले, मग डिस्क अमेरिकेच्या एफबीआयकडे गेल्या. त्यांनी वर्षभर शब्दांच्या याद्या चालवून पाहिल्या आणि २०१० मध्ये डिस्क न उघडताच परत केल्या.

हरवली तर

तेच गणित आता मालकाच्या बाजूने पाहा. मूळचे जर्मनीचे आणि सॅन फ्रान्सिस्कोत राहणारे प्रोग्रॅमर स्टेफान थॉमस यांना २०११ मध्ये बिटकॉइनवर एक अ‍ॅनिमेटेड व्हिडिओ बनवल्याबद्दल बिटकॉइन मिळाले होते. त्यांतल्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली त्यांनी आयर्नकी नावाच्या एन्क्रिप्ट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवली आणि त्याचा पासवर्ड एका कागदावर. कागद हरवला. या ड्राइव्हला दहाच संधी असतात, त्यानंतर आतलं सगळं कायमचं जातं. जानेवारी २०२१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही गोष्ट छापली, तेव्हा आठ संधी संपल्या होत्या आणि त्या बिटकॉइनची किंमत सुमारे २२ कोटी डॉलर होती. थॉमस संगणकातले जाणकार. त्यांच्या बाबतीत तंत्र कुठेच कमी पडलं नाही. दुसरी प्रत तेवढी नव्हती.

मग प्रती किती आणि कुठे? ४८ आकड्यांचे दोन तुकडे करून दोघांना द्यावेत, हा पहिला विचार मनात येतो. तो वाईट आहे. एक तुकडा हरवला की सगळं गेलं, आणि ज्याच्याकडे एक तुकडा आहे त्याला निम्मी किल्ली आयतीच मिळाली. अदी शमीर या गणितज्ञाने १९७९ मध्ये यावर देखणा तोडगा दिला. कागदावर दोन बिंदू दिले की त्यांतून एकच सरळ रेषा जाते. एकच बिंदू दिला तर त्यातून कितीही रेषा जाऊ शकतात. गुपित म्हणजे ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा. रेषेवरचे तीन बिंदू तिघांना द्या. कोणतेही दोघे एकत्र आले की रेषा सापडते, एकट्याला मात्र गुपितातला एक आकडाही कळत नाही, आणि एकाचा बिंदू हरवला तरी बिघडत नाही. हे करून देणारी साधनं आज सहज मिळतात. मोठ्या संस्थांना ती उपयोगी आहेत. घरासाठी मात्र दोन पूर्ण प्रती दोन वेगळ्या पत्त्यांवर, एवढं पुष्कळ: एक घरच्या कपाटात महत्त्वाच्या कागदांबरोबर, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा विश्वासाच्या भावंडाकडे. लॅपटॉपच्या बॅगेत एकही नको. बॅग चोरीला जाते तेव्हा अख्खी जाते.

यात सर्वांत दुर्लक्षित प्रश्न वारसांचा आहे. घरातला कर्ता माणूस गेला, तर बँकेतली ठेव, फ्लॅट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सातबारा यांच्यासाठी नॉमिनी, वारसनोंद, कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र असे रस्ते आहेत. वेळ लागतो, खेटे पडतात, पण कायदा शेवटी वारसाला ओळखतो. एन्क्रिप्ट केलेला ड्राइव्ह ओळखत नाही. कोर्टाचा शिक्का त्याच्यावर चालत नाही. वीस वर्षांचे फोटो, विम्याच्या पॉलिसींची यादी, अर्धवट लिहिलेलं पुस्तक, सगळं त्याच निळ्या पडद्यामागे राहतं. म्हणून मृत्युपत्राच्या फाइलीत मालमत्तेच्या यादीसोबत एक ओळ असावी: लॅपटॉपची रिकव्हरी की कुठे ठेवली आहे. किल्ली नको, तिचा पत्ता.

आणि प्रत काढून ठेवली म्हणजे काम संपलं असं नाही. किल्ल्या बदलतात. विंडोज नव्याने बसवलं, एन्क्रिप्शन बंद करून पुन्हा चालू केलं, की जुने ४८ आकडे निरुपयोगी होतात. म्हणून सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन हे पान आज उघडा आणि ते चालू आहे का पाहा. चालू असेल तर किल्ली कोणत्या अकाउंटमध्ये आहे ते तपासा, आयडी जुळतो का बघा, आणि ती कागदावर उतरवून प्रत्येक गटाला ११ ची कसोटी लावा. बायोस अपडेट करण्यापूर्वी किंवा लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी हे पुन्हा एकदा करा. दुरुस्तीवाल्याने रिकव्हरी की मागितली तर ती देण्याआधी विचार करा, कारण ती दिली म्हणजे अख्खा ड्राइव्ह दिला. काम झाल्यावर नवी किल्ली तयार करून जुनी रद्द करता येते, आणि कागदावरचे आकडेही त्याच दिवशी बदलायला हवेत.